हिरव्या ओंजळीचा चमत्कार

सावेलुगू गावच्या बाजारात त्या सकाळी कांदेवाल्यांनीसुद्धा आपली दुकानं वाऱ्यावर सोडली होती. कडुलिंबाखाली बाबा अझिंदो बसले होते आणि त्यांच्याभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"हात धू!" बाबांनी एका म्हातारीला फर्मावलं. चेल्यानं मडक्यातलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. बाबांनी तिच्या ओल्या ओंजळीत लालभडक काढ्याची धार सोडली. बघता बघता लाल रंग निळसर झाला, मग हिरवा.

"हे बघा, आतड्यातलं विष!" बाबा गरजले. "इस्पितळाच्या यंत्राला दिसतं का? त्याला वीज लागते. मला लागत नाही!"

वीज पहाटेपासून गेलेलीच होती, त्यामुळे हे सगळ्यांना पटलं.

गर्दीत सुहुयिनी उभी होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. शेजारी तिचा धाकटा भाऊ वुम्पिनी. त्याच्या मोठ्या आतड्याला सूज होती, शौचातून रक्त जायचं. गोळ्यांनी दुखणं आटोक्यात होतं. मग बाबांच्या काढ्याची बाटली आली आणि गोळ्या उकिरड्यावर गेल्या. सुरुवातीला त्याला बरं वाटलं. आता पँट दोरीनं बांधावी लागत होती. आज बाबा त्याची शेवटची परीक्षा घेणार होते.

या वेळी चेल्यानं मडकं बाजूला ठेवलं आणि प्लास्टिकच्या किटलीतलं पाणी ओतलं. वुम्पिनीच्या ओंजळीतला काढा लालच राहिला. गर्दीनं टाळ्या पिटल्या.

"बघितलंस, ताई? बरा झालो!" तो म्हणाला आणि पोट धरून खाली बसला.

त्याचे पांढरेफटक ओठ पाहिले आणि सुहुयिनी पुढे झाली. "बाबा, मलाही तपासा."

"या मास्तरीणबाई! शिकलेल्यांच्या पोटात विष जरा जास्तच असतं."

लोक हसले. चेल्यानं मडकं उचललं, पण तिनं किटली ओढून घेतली, हात धुतले आणि ओंजळ काढ्यासाठी पुढे केली. काढा लालच राहिला.

"एक घोटही न घेता मी शुद्ध? आता तुम्ही धुवा, मडक्यातल्या पाण्यानं."

"माझी परीक्षा घेणारी तू कोण?"

"धू की रे!" मघाची म्हातारी ओरडली. "आमचे धुतलेस तेव्हा बरी लाज नाही वाटली!" आणि तिनंच मडकं त्यांच्या हातांवर उपडं केलं. सुहुयिनीनं काढा ओतला. बाबांची ओंजळ हिरवीगार.

"अगं बाई! बाबांनाच लागण झाली!"

"लागण कसली, आजी," सुहुयिनी म्हणाली. "मडक्यात खार आहे, कडधान्य शिजवताना आपण घालतो तोच. किटलीत लिंबू. आणि काढा म्हणजे आपलं सोबोलो, लाल अंबाडीची बोंडं उकळून केलेलं सरबत. त्याचा रंग खारानं हिरवा होतो, लिंबानं लालच राहतो. यात पोटाची तपासणी कुठे आली?"

बाबा दुसऱ्या गावी निघाले. तिथल्या लोकांच्याही आतड्यांत विष साठलंय, असं त्यांना अचानक जाणवलं.

वुम्पिनीला टमाले शहरातल्या इस्पितळात रक्त चढवावं लागलं. बहीण दोन दिवस उशाशी बसून होती. मग भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, "मला बरं वाटलं होतं, ताई. ते खोटं नव्हतं."

उत्तर खाटेपाशी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दिलं. "खोटं नसेलही. हा आजार आपोआपही वरखाली होतो. शिवाय त्या बोंडांत पॉलीफेनॉल नावाची द्रव्यं असतात. ती बरीचशी न पचता मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यांचे तुकडे करतात, आणि त्यातले काही सूज शांत करत असावेत. प्रयोगशाळेत तशी चिन्हं दिसतात. माणसात किती आणि कोणाला, ते अजून नक्की सांगता येत नाही."

"म्हणजे बाबा थोडे खरे होते?"

"बोंडं थोडी खरी असतील. पण बाबांनी तुझ्या गोळ्या बंद करायला लावल्या."

वुम्पिनी सावरला. आता तो गोळ्या घेतो आणि डॉक्टरांना विचारून सोबोलोही पितो. बाजारात कुणी सोबोलोची बाटली दाखवून गुण विचारला तर सांगतो, "चव झकास आहे, खुशाल प्या. पण रक्त जात असेल तर आधी इस्पितळ गाठा. आणि चालू गोळी सोडायला सांगणाऱ्याला विचारा, कशावरून? मी विचारलं नव्हतं."