दार अडवून मागितलेली सून

माझ्या भावाच्या, राघोच्या लग्नात मी दार अडवलं होतं. नवरी घेऊन भाऊ उंबऱ्याशी आला की बहीण दारात आडवी होते नि म्हणते, तुझी लेक माझ्या लेकाला देशील तर आत घेईन. सगळ्याच बहिणी मागतात, भाऊ हो म्हणतो, माणसं हसतात, झालं. मी हसण्यावारी नेलं नाय. वीसेक वर्षांनी मुरबाडला राघोकडे जाऊन ठाण मांडलं आणि त्याच्या कविताला माझ्या हरेशसाठी आणलीच. धोंडूबाईचा शब्द तो. परक्या घरची आणून तिचे नखरे कोण सोसील?

कविताला मिताली झाली. दीड वर्षाची असताना पोरीचं पोट घागरीसारखं वर आलं, हातपाय नुसत्या काड्या. मी म्हटलं, डाव्या कुशीतली पानथरी वाढली. पानथरीवर बिब्ब्याचा चटका द्यावा तर माझ्याच हातचा, असं आमच्या डोळखांबकडे कुणीही सांगेल. दिला. पोर तीन दिवस रडली, पोट होतं तसंच. मग नाकातून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग, नि पाय ठणकतात म्हणून रोजचं कण्हणं. शहापूरच्या डॉक्टरने रक्तवाढीचं औषध दिलं, ते वर्षभर पाजलं. आणि मी कविताला ऐकवत राहिले, "तुझ्याच पोटात खोट हाय."

शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेली. तिथली डॉक्टरीण म्हणाली, अंगातली एक चरबी मोडणारा रस हिच्यात पुरेसा तयार होत नाही. ती चरबी पानथरीत, हाडांत साठत जाते. औषध लाखांचं, त्याच्या सरकारी मदतीसाठी तिने कागद पाठवले, नंबर कधी लागेल ते तिलाही माहीत नव्हतं.

"नवरा-बायको नात्यातले का?"

"मामाची मुलगी," हरेश म्हणाला.

"हे दोघांकडून आलंय, एकट्या आईकडून नाही. पुढच्या प्रत्येक बाळाला चारात एक धोका. दिवस राहिले की अकराव्या आठवड्यात या, तपासता येतं. घरात आधी कुणी लहान मूल असं गेलंय?"

"आमच्या घराण्यात? नाय," मी तोऱ्यात म्हटलं.

आता कविताला तिसरा महिना. तपासणीच्या दिवशी हरेश ओट्यावर बसून राहिला. "आई, वारेचा तुकडा काढतात म्हनं. पोटातल्या जिवाला काय झालं तर?"

"आत्या, तू बोल," कविता म्हणाली. "तू नाय म्हटलंस तर ह्ये नेणार नायत."

राहू दे गो, म्हणणं सोपं होतं. मिताली भिंतीला टेकून बसली होती. दारात पोरं हाका मारत होती, ती उठत नव्हती.

"ने रे तिला," मी म्हटलं. "माझी धाकटी बहीण, बाईजा, अशीच गेली. असंच पोट. आमी गावात नजर लागली म्हणून सांगितलं."

"माझ्या बापाला ठाव होतं?"

"राघो तवा तान्हा होता. ठाव मला होतं."

"नि खोट माझ्या पोटाला लावलीस?"

माझी नजर मितालीकडे गेली, कविताचीही.

"किती वर्षांची गेली?"

"सहा."

मितालीला पाच पुरी होऊन चार महिने झालेत. कविता उठली.

"अहो, गाडी काढा," ती हरेशला म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मितालीला मी संगती नेते. तुझ्यापाशी नाय ठेवायची."