थोरली आज्ञावली आणि तिची धाकटी

मी एक जुनी आज्ञावली आहे, मित्रांनो. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेली, अवघ्या नऊ ओळींची. संगणकवाले मला फंक्शन म्हणतात. पालघर किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार सोसायटीच्या संगणकात मी राहते.

मला लिहिलं दर्पणनं. तो सोसायटीत कारकून. बोट समुद्रात जायची असली, तर तिच्यावरच्या खलाशांची यादी आधी भरावी लागते. नाव, गाव, वय आणि घरचा फोन. दर्पणनं बटण दाबलं की मी शेवटच्या ओळीची हुबेहूब नक्कल करून खाली जोडायची, आतल्या मजकुरासकट. दर्पण फक्त नाव आणि वय बदलायचा. आपल्याकडे एका बोटीवर बाप, लेक, पुतणे असे एकाच घरातले असतात. गाव तेच, फोन तोच. बोटीचे म्होरके नवशा तांडेल मिशीत हसून म्हणायचे, "दर्पण, तुजी मशीन लय हुशार हाय. आमचा नंबर तिला पाठ हाय!" मी फुलून जायचे.

मग दर्पणची चुलतबहीण हिना आली. बोईसरला संगणक शिकणारी. तिला जाळ्यांच्या आणि बर्फाच्या नोंदींसाठीही ओळी वाढवायच्या होत्या. पण मला खलाशांच्या यादीचं एकच टेबल, म्हणजे तक्ता, ठाऊक, दुसरीकडे मी ढिम्म हलत नाही. म्हणून तिनं एक नवी आज्ञावली लिहिली, माझी धाकटी. तिला कोणतंही टेबल दाखवा, ती ओळीची नक्कल करते, आतलं सगळं पुसते, अनुक्रमांक बदलते आणि कोरी ओळ जोडून देते.

माझा नुसता जळफळाट झाला! दोन-दोन टेबलं एकटी सांभाळते म्हणे. आणि पुसायचं कसलं कौतुक? पुसायला काय अक्कल लागते? जो येईल तो तिचंच नाव घेई. ती एकदा तरी तोंडावर आपटावी, असं मला रोज वाटायचं. हो, वाटायचं. खोटं कशाला बोलू?

हिना म्हणाली, "दादा, खलाश्यांच्या यादीला पन हीच लावू या ना."

"चालतंय ना आपलं? मग कशाला हात लावायचा?" दर्पण म्हणाला. मला त्यानंच लिहिलेलं, त्यालाही वाईट वाटलं असणार. निदान एक टेबल तरी माझं राहिलं, म्हणून मी खूश झाले.

त्या मोसमात नवशांच्या बोटीवर सुजीत नावाचा नवा खलाशी लागला, वाणगावचा. दर्पणनं बटण दाबलं, मी ओळ दिली. त्यानं नाव, गाव, वय बदललं. घरचा फोन भरलेलाच होता, म्हणून तिकडे त्याची नजर गेली नाही. तो फोन नवशांच्या घरचा होता.

चौथ्या दिवशी जाळं ओढताना दोरात अडकून सुजीतचा हात मोडला. बोट परतली. दवाखान्यातल्या बाईंनी यादीतला नंबर लावला आणि सांगितलं, "तुमचा माणूस जखमी आहे, लगेच या." फोन नवशांच्या बायकोनं, काशीबाईंनी घेतला. वाळत घातलेले बोंबील तसेच टाकून त्या अनवाणी धावल्या. दवाखान्याच्या दारात नवशा धडधाकट उभे! काशीबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "माजा मानूस बरा हाय. पन या पोराच्या आयशीला कोनी कळवलं काय नाय?"

कोणीच कळवलं नव्हतं. आईला कळलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर ऑपरेशनही होऊन गेलं होतं.

दर्पणनं कोणाला दोष दिला नाही. माझ्या प्रत्येक ओळीआधी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघा मारल्या की संगणक आम्हाला वाचत नाही. माझ्या जागी धाकटी आली.

हात बरा झाल्यावर सुजीत पुन्हा बोटीवर निघाला. दर्पणनं बटण दाबलं. धाकटीनं कोरी ओळ दिली. मी हेव्यानं बघतच होते.

"घरचा नंबर सांग," दर्पण म्हणाला.

सुजीतनं आईचा नंबर एकेक आकडा सावकाश सांगितला. दर्पणनं तो वाचून दाखवला. सुजीतनं मान डोलावली.

मित्रांनो, दुसऱ्याची नक्कल जरूर करा, पण त्यातलं दुसऱ्याचं आधी पुसा. सुजीतला घरचा नंबर पहिल्या वेळी कोणी विचारलाच नव्हता. विचारायला रिकामी जागाच मी ठेवली नव्हती.