टर्बाईन थोडं खाली

आमच्या कंप्रेसर स्टेशनच्या बांधकामावर एका फिटरला सगळे 'जावई' म्हणायचे, फक्त त्याचा सासरा सोडून. सासरा म्हणजे आमचे मिस्त्री, मोठ्या यंत्रांचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, जुळवण्यात मुरलेले. मुलीने न विचारता या फिटरशी लग्न केलं, तेव्हापासून त्यांनी दोघांशी बोलणं टाकलं होतं. कंपनीने दोघांना एकाच कामावर पाठवलं, कारण कंपनीला असल्या गोष्टी कळत नाहीत.

मधल्या मधे मी अडकले. इंजिनिअर म्हणून आले होते, पण दिवसभर निरोप पोचवायची.

"मॅडम, त्यांना सांगा, पुढच्या बोल्टला पाव वळसा द्या."

जावई हातभर अंतरावर, कान धडधाकट. तरी मी सांगायचं. मग तो म्हणायचा, "मॅडम, दिला म्हणावं." माझं डोकं फिरायचं.

लांबून पाईपलाईनमधून येणाऱ्या गॅसचा दाब वाटेत कमी होतो. तो वाढवून गॅस पुढे ढकलायचा, हे स्टेशनचं काम. टर्बाईन स्वतः फिरतं आणि कंप्रेसरला फिरवतं. दोघांचे शाफ्ट एका रेषेत हवेत, नाहीतर बेअरिंगची वाट लागते. पण थंड असताना ते रेषेत बसवून चालत नाही. टर्बाईन तापलं की जरासं वर येतं, म्हणून आधी त्याला मुद्दाम थोडं खाली ठेवायचं. किती खाली, ते मी काढून दिलं होतं. आता यंत्र तापवून बघायचं, आणि मग मिस्त्री दुपारच्या गाडीने घरी जाणार. नोकरीतलं त्यांचं हे शेवटचं काम होतं.

सकाळी जावयाने मला बाजूला घेतलं. "मॅडम, एक निरोप द्याल? ती म्हणतेय, बाबांनी आज रात्री आमच्याकडे जेवायला यावं. आज नाही आले तर ती पुन्हा बोलावणार नाही."

मी निरोप दिला. मिस्त्री माप घ्यायच्या डायलची काच फडक्याने पुसत होते. ती केव्हाच लख्ख झाली होती, तरी पुसत राहिले.

"दुपारी गाडी आहे," एवढंच म्हणाले.

डबे उघडले तेव्हा जावयाने नेहमीप्रमाणे खिशातून मिठाची पुडी काढली आणि भाजीवर सढळ हाताने भुरभुरवली.

"घरात मिठाचा खडखडाट आहे का रे?" मी रोजच्यासारखं चिडवलं. तो रोजच्यासारखा नुसता हसला. मिस्त्री आमच्याकडे पाठ करून जेवत होते.

मग यंत्र सुरू केलं. त्या आवाजात निरोप सांगणं शक्यच नव्हतं, मला जरा बरं वाटलं. पुरेसं तापल्यावर बंद केलं. आता मोजायची घाई, कारण यंत्र निवायला लागलं की माप बदलतं. जावयाने डायल लावला, मिस्त्री हातांनी शाफ्ट फिरवू लागले.

"काय आलं?" ते ओरडले.

मी तोंड उघडलं, पण प्रश्न मला नव्हता.

"वर शून्य. खाली अर्धी रेघ."

"पुन्हा बघ. नीट बघ रे!"

"तेवढंच आहे, बाबा."

'बाबा' त्याच्या तोंडून निसटलं. मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करत शाफ्ट फिरवत राहिले. माप बरोबर होतं, दोन्ही शाफ्ट एका रेषेत आले होते.

हत्यारं गोळा झाल्यावर ते माझ्याकडे वळले. "मॅडम, त्यांना सांगा..."

"नाही सांगणार," मी म्हणाले. "कंटाळा आलाय मला. काय ते तुमचं तुम्ही बोला."

वडिलांच्या वयाच्या माणसाशी असं बोलल्याचं वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतले नाहीत. मिस्त्रींनी फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"येतो म्हणावं तिला," ते यंत्राकडे बघत म्हणाले. "पण मीठ कमी. ब्लडप्रेशर आहे, डॉक्टरांनी सांगितलंय."

"ती कमीच घालते," जावई म्हणाला. "तुमचं ब्लडप्रेशर कळलं तेव्हापासून. म्हणते, बाबा कधी अचानक आले तर?"

मिस्त्री त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या पुडीकडे बघत राहिले.

"म्हणजे तू रोज अळणी खातोस?"

"पुडी असते ना."

मिस्त्री यंत्राच्या चौथऱ्यावर टेकले.

"फोन लाव तिला," ते म्हणाले. "सांग, माझ्यापुरतं वेगळं काढ, आणि आपल्या नवऱ्याच्या भाजीत नीट मीठ घाल."