जवळचं केंद्र

“आता डिलीट दाबा,” ममता म्हणाली, आणि बेचाळीस मुलांनी एकदम पुठ्ठा दाबला.

पुठ्ठे साबणाच्या खोक्यांचे होते. त्यांवर पेनानं की-बोर्ड काढलेले. विसरवाडीजवळच्या या आश्रमशाळेत संगणक वीस होते, पण त्यांच्या खोलीला वीज नव्हती. ते चादरी पांघरून बसलेले असत. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला चादरी धुवायच्या, एवढीच त्यांची देखभाल. ममता सहा वर्षं संगणक शिकवत होती आणि तिच्या हातून आजवर एकही संगणक बिघडला नव्हता.

दर जूनमध्ये सरकारी पत्रक भरून वर पाठवावं लागे. ‘चालू संगणक किती?’ पहिल्या वर्षी ती शून्य लिहायला गेली, तर मुख्याध्यापक हेमकांत सरांनी थांबवलं.

“मॅडम, वीस लिखा. शून्य लिखं का चौकशी येस.”

तिनं वीस लिहून सही केली, पुढंही दरवर्षी. चौकशी आली नाही. वीजही आली नाही.

तिला मल्टिमीडिया आणि शैक्षणिक संगणनात एम.एस्सी. करायचं होतं. मुलांसाठी त्यांच्याच बोलीत बोलणारे, हलणारे धडे बनवायचे होते. यंदा दोन ठिकाणी नंबर लागला. एक पुण्याला, वसतिगृहात राहून. तिथं स्टुडिओ, चोवीस तास उघडी लॅब. दुसरा दूरशिक्षणाचा, प्रात्यक्षिकं रविवारी जवळच्या केंद्रावर, ऐंशी टक्के हजेरी सक्तीची.

आई, फुलवंताबाई, दोन वर्षांपासून अर्धांगवायूनं पडून होती.

“तू पुन्याले जाय,” ती म्हणाली. “मी खाटवर शे. खाट काय पळी जाई का?”

दिवसा शेजारच्या शांतीबाई बघत. रात्री कूस कोण बदलणार, याचं उत्तर पुण्याच्या माहितीपत्रकात नव्हतं. ममतानं पुण्याची जागा सोडली. नंदुरबारचं एखादं कॉलेज केंद्र म्हणून मिळेल, असा तिचा अंदाज होता.

महिन्याभरानं दूरशिक्षणाच्या विद्यापीठाचं पत्र आलं. केंद्र तिचीच शाळा. मार्गदर्शक, शाळेचे संगणक शिक्षक. म्हणजे तीच.

तिनं विद्यापीठात फोन लावला. केंद्र बदलून द्या म्हणाली.

“बदलता येत नाही,” पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. “आणि अडचण काय आहे? वीस संगणक चालू आहेत तिथं. पत्रकावर तुमचीच सही आहे, मॅडम.”

खोटं लिहिलं होतं म्हणावं, तर नोकरी जाणार. ती ‘बरं’ म्हणाली. पुण्याला विचारलं, तर जागा भरली होती.

पहिल्या रविवारी तिनं खोली उघडली. या केंद्रावर ती एकटीच विद्यार्थी होती. हजेरीपत्रकात विद्यार्थ्याच्या रकान्यात सही केली, मग मार्गदर्शकाच्या. दोन्ही सारख्या दिसू नयेत म्हणून दुसरी जरा तिरकी केली. पहिल्या संगणकावरची चादर काढली आणि काळ्या पडद्यासमोर दोन तास बसली. वेळ पूर्ण भरणं सक्तीचं होतं.

दोन तास झाल्यावर तिनं चादर परत घातली. आईवर घालते तशी, कोपरे नीट खोचून.