उलट्या वेढ्यांची माशी

मी एक जुना दिवा आहे. टेबलावर ठेवायचा, पत्र्याचा, हिरव्या रंगाचा. माझी मान लांब आहे आणि वळवाल तिकडे वळते, निदान पूर्वी वळायची. होबार्टच्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. क्लेम नावाच्या माणसाने मला विकत घेतलं आणि टास्मानियाच्या पठारावर, तळ्याकाठच्या आपल्या लाकडी घरात आणलं.

मित्रांनो, क्लेम माशा बांधायचा. खऱ्या माशा नव्हेत. बारीकसा गळ चिमट्यात धरायचा, त्यावर दोरा गुंडाळत जायचा, मध्येच मोराच्या पिसाचे तंतू, वॉलबी या छोट्या कांगारूची लव, चंदेरी तार गुंफायची, की झाली माशी तयार. ती पाण्यावर टाकली की ट्राउट मासा हमखास फसतो. क्लेमच्या माशांचं अख्ख्या पठारावर नाव होतं. एखादी मनासारखी जमली की तो माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणायचा, "शाबास रे हिरव्या!" मला फार अभिमान वाटायचा.

त्याचा मुलगा लॅकी त्याच टेबलाशी बसायचा. लॅकी डावखुरा होता. त्यामुळे त्याचा चिमटा उलटा, दोऱ्याचे वेढे उलटे, आणि माझी मानही तो डावीकडे ओढून घ्यायचा. क्लेम वैतागायचा.

"अरे, सगळं जग इकडून गुंडाळतं. तुझंच काय तिकडून?"

"मासे काय वेढे बघून तोंड उघडतात, बाबा?"

"तुझी माशी आंधळा मासासुद्धा घेणार नाही!"

रोज असंच चालायचं आणि दोघंही हसायचे. पण एका सप्टेंबरात, सकाळी, क्लेम हे चारचौघांत बोलला, आणि हसला नाही. लॅकी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. "बघाच मग," एवढं म्हणून तो होडी घेऊन निघाला. दुपारी वारा फिरला. होडी त्याच दिवशी सापडली. लॅकी तिसऱ्या दिवशी.

पुरून आल्यावर आयव्ही, लॅकीची आई, आतल्या खोलीत पडून होती. तेवढ्यात क्लेमने पोराचे बूट, कोट, वह्या, सगळं शेगडीत घातलं. ती उठून आली तेव्हा राखेत बुटांच्या कड्या तेवढ्या उरल्या होत्या. "मला एक बटणसुद्धा ठेवलं नाहीस," ती म्हणाली. त्यानंतर बावीस वर्षं त्या घरात लाकडं आणि चहा यांपलीकडे बोलणं झालं नाही.

मी मात्र पाहिलं होतं. लॅकीचा माशांचा डबा आगीत टाकण्याआधी क्लेमने त्यातून मूठभर माशा काढल्या आणि माझ्या उजेडात आपल्या पेटीत, आपल्या माशांमध्ये, एकेक करून खोचल्या. आयव्हीला यातलं काही ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती मला स्वतःलाच कळलेली नाही. तेव्हापासून माझी मान सरळ राहीना. क्लेम ती उजवीकडे वळवायचा आणि ती हळूहळू डावीकडे जायची, कोणी धरून ओढल्यासारखी. त्याने स्क्रू आवळला, तार गुंडाळली. शेवटी एके संध्याकाळी तो थकून म्हणाला, "बरं, तुला तिकडेच हवंय ना? घे." पण तो माझ्याकडे बघत नव्हता. शेजारच्या, लॅकीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. माझा बल्ब तापलेला होता, तरी मला थंडी वाजली.

यंदा जूनमध्ये क्लेम गेला. इथली रीत अशी, की मासेमार गेला की त्याच्या माशा मित्र वाटून घेतात आणि ऑगस्टात हंगामाच्या पहिल्या शनिवारी तळ्यात टाकतात. काही झुडपांत अडकतात, काही मासे तोडून नेतात. परत काही येत नाही. पेटी न्यायला इथल्या मासेमार मंडळाचा सेक्रेटरी नॉर्म शुक्रवारी येणार होता. त्याआधी माशांचे फोटो काढायचे असं आयव्हीने ठरवलं. प्रेमाने नव्हे. "जन्मभर माझा नवरा खाल्ला यांनी. जाण्याआधी तोंडं तरी बघते," ती म्हणाली.

भर दुपारी तिने खिडकीवर घोंगडी टांगली. काळी पाटी ओली करून तिच्यावर माशी ठेवली. माझ्या तोंडावर केक भाजायचा कागद लावून उजेड मऊ केला, समोर चुरगळलेला चंदेरी कागद उभा केला. मला मागे ठेवलं तेव्हा वॉलबीच्या लवेच्या कडा पेटल्यासारख्या चमकल्या. इतकी वर्षं जळलो, पण मला हे जमतं हे ठाऊकच नव्हतं! मग तिने मला खाली ठेवलं आणि भिंतीवर माशीची सावली माणसाएवढी झाली. खोलीत वारा नव्हता, तरी सावली हलत होती. आयव्हीने दोनदा मागे वळून पाहिलं.

"कोण आहे?" तिने विचारलं.

माझी मान डावीकडे कलली.

"आता तुझी नाटकं!" तिने मला सरळ केलं. मी पुन्हा कललो. तिसऱ्या वेळी तिने नाद सोडला. उजेड अगदी आडवा पडला आणि दोऱ्याचा वेढा न् वेढा उठून दिसू लागला. तशीच ती फोटो काढत राहिली.

शुक्रवारी नॉर्म आला. आयव्हीने शिंपल्यांचं सारण भरून भाजलेली पाई वाढली. खाता खाता तो संगणकावर फोटो बघू लागला.

"झकास! पण आयव्ही, हे अकरा फोटो तू उलटे केलेस."

"मी कशाला उलटे करू?"

"अगं, वेढे बघ ना. क्लेम असा गुंडाळायचा का? आरशात बघितल्यासारखं झालंय. चष्मा बदल."

"तू बदल!" तिने तणतणत मला लावलं, पेटीतून त्या अकरांतली एक माशी उचलली आणि माझ्याखाली धरली. फोटो बरोबर होता. माशीच उलटी होती.

आयव्हीने माशी डोळ्यांजवळ नेली. "नॉर्म," ती म्हणाली, "हा माझ्या लॅकीचा हात आहे."

नॉर्मने काटा खाली ठेवला. मग त्याने टोपी काढली, तिच्या कडेला टोचलेली एक विटकी माशी सोडवली आणि माझ्या उजेडात ठेवली. तिचेही वेढे उलटे होते.

"क्लेमनेच दिली होती," तो म्हणाला. "म्हणाला, माझ्या पेटीतली सगळ्यात चांगली आहे, पाण्यात टाकू नकोस, नुसती जवळ बाळग. कोणाची ते नाही सांगितलं."

"अरे दगडा!" आयव्ही ओरडली. ती क्लेमच्या रिकाम्या खुर्चीशी बोलत होती. "पोराला सांगायचंस की रे! निदान मला तरी!" आणि ती धाय मोकलून रडली.

शनिवारी क्लेमच्या माशा तळ्यावर गेल्या. लॅकीच्या अकरा घरी राहिल्या, आणि नॉर्मही आपली मुद्दाम ठेवून गेला.

मित्रांनो, बावीस वर्षं मला सगळं माहीत होतं. ती दोघं माझ्यासमोर पाठ फिरवून बसायची आणि मी नुसता जळत राहायचो, कारण दिव्याला तोंड नसतं. तुम्हाला आहे. आपल्या माणसाचं काही आवडलं, तर त्याला आजच सांगा, तो दारातून बाहेर पडायच्या आत.