साहेबांसमोरची खुर्ची

मित्रांनो, मी बँकेतली एक जुनी खुर्ची आहे. साहेबांची नव्हे बरं, साहेबांसमोरची! सुताराने मला घडवलं, स्वतः ऐसपैस बसून पाहिलं आणि इथे पाठवलं. तेव्हापासून कर्ज मागायला येणाऱ्यांना मी बसवून घेते. मध्यंतरी चाकांच्या नव्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी अडगळीत झाली. पण नकार ऐकताच माणसं त्या चाकांवरून मागे भिंतीपर्यंत जाऊ लागली, तेव्हा मला परत आणलं.

एकदा एक बेकरीवाल्या बाई सासऱ्यांना घेऊन आल्या. त्यांच्या भट्टीला मोठाल्या भेगा पडल्या होत्या. नवी भट्टी झाली नाही, तर बेकरीला कुलूप लागणार होतं. धंदा चांगला, हिशेब चोख. तरी कर्ज नामंजूर झालं.

"तुमच्या घरात कधी कुणी कर्जच घेतलं नाही," साहेब म्हणाले. "मग तुम्ही ते फेडता की नाही, हे बँकेला कसं कळणार?"

माझ्यावर बसलेल्या सासऱ्यांनी माझे हात घट्ट आवळले. "आयुष्यभर अंथरूण पाहून पाय पसरले, आणि माझीच पत नाही?"

"पत आहे हो आजोबा. पण ती आम्हाला दिसत नाही."

मला फार वाईट वाटलं. कधी कुणापुढे हात न पसरणाऱ्यालाच रिकाम्या हाताने पाठवायचं, हा कुठला न्याय?

सासरे ताडकन उठले. "चल सूनबाई!"

पण सूनबाई त्यांच्या जागी माझ्यावर बसल्या. "थांबा हो बाबा. साहेब, मग ती दिसेल कशी?"

"तुमच्या ठेवीवर छोटं कर्ज घ्या. हप्ते वेळेवर भरा, मग या."

"गरज नसताना कर्ज? लोक तोंडात शेण घालतील!" सासरे कडाडले.

"घालू देत. बेकरी तर राहील!"

भट्टीच्या भेगा लिंपत त्यांनी वर्ष काढलं. एकही हप्ता चुकवला नाही. पुन्हा आल्या तेव्हा कर्ज मंजूर झालं. जामीन म्हणून सासऱ्यांनीच सही केली, अन् मग उठेचनात. "खुर्ची बरी आहे हो तुमची," म्हणाले. मी सुखावले.

मित्रांनो, माझे खिळे अधूनमधून ठोकत जा, एवढंच मागणं. आणि कधी नकार मिळाला, तर तडक उठून जाऊ नका. का, ते विचारा. उत्तर मिळेपर्यंत खुशाल बसा; मला काही जड होत नाही.