दोरा कोण कापतं

एकटा असला की बद्रीनाथचा हात थरथरत नसे. ही गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती, आणि कळायची सोयही नव्हती, कारण पाहायला माणूस आला की हात लगेच थरथरू लागे.

तो डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होता. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि पिशोरसारख्या गावातून औरंगाबादला येऊन डॉक्टरी शिकणारं पोर म्हणजे गावाच्या दृष्टीनं अर्धा देवच. त्या अर्ध्या देवाची ऑपरेशन थिएटरमध्ये काय गत झाली, हे गावानं पाहिलं नाही हे बरंच झालं. वर्षाच्या सुरुवातीला एका गवंड्याच्या पायाला टाके घालायची पाळी त्याच्यावर आली. सगळी तुकडी टेबलाभोवती उभी होती. बद्रीनाथनं सुईचा चिमटा उचलला आणि तो शेजारच्या स्टीलच्या ताटलीवर असा काही तडतडला, की बेशुद्ध नसलेल्या त्या गवंड्यानं मान उचलून पाहिलं.

डॉ. श्रीधर रत्नपारखी सर्जरी शिकवत. शिक्षण निजामाच्या काळात हैदराबादला झालेलं, त्यामुळं रागावले की अदबीनं बोलत. "मियाँ," ते म्हणाले, "सुई तुमच्या हातात आहे, की तुम्ही सुईच्या हातात?" सगळे हसले. सुई तुकडीतल्याच सदाशिवकडे गेली. बद्रीनाथला सरांनी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मुदत दिली. तेव्हा हात स्थिर असला तर परीक्षेनंतर सर्जरीच्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टर म्हणून जे दोघं घेतात, त्यांत त्याचा विचार होईल. नसला तर त्यानं खुशाल नाडी बघत बसावं, तिथं काही शिवायचं नसतं.

बद्रीनाथला नाडी बघत बसायचं नव्हतं. त्याच्या वडिलांच्या, कारभारींच्या, पोटरीत एकदा कोयता घुसला होता. कुण्या कंपाउंडरनं ती जखम पोत्यासारखी शिवली. कारभारी रोज संध्याकाळी पाय धुवायला बसत तेव्हा ती वाकडी शिवण दिसे, आणि उठताना ते लंगडत. हे पोरगं तिकडं बघतच मोठं झालं. त्याला सरळ शिवायचं होतं, बाकी काही नाही.

हॉस्टेलात त्याची खोली दोघांची होती, पण दुसरी खाट रिकामी. पहिल्या वर्षी सदाशिव तिथं राहायचा. चार महिन्यांनी आपल्या दोस्तांजवळ जातो म्हणून त्यानं वळकटी उचलली. भांडण झालं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं, आणि बद्रीनाथची बोली ऐकून कोणी हसेल या धास्तीनं तो चकार शब्द काढत नसे. मग लोकही त्याच्याशी बोलायचे थांबले. त्यात लोकांचं तरी काय चुकलं? पण एकदा पडलेली गाठ सुटली नाही. मेसमध्ये तो कोपऱ्यात जेवे आणि खोलीत येऊन दार लावून घेई.

त्या लावलेल्या दाराआड त्यानं तीन महिने हात घडवला. गुलमंडीच्या बाजारातून मांजरपाटाचं जाडंभरडं कापड आणलं, त्याला ब्लेडनं चिरा पाडल्या आणि रोज त्या शिवल्या. चहा सोडला. कोपर टेकवायला शिकला, टाका घालताना श्वास सोडायला शिकला. पाण्याच्या पेल्यात बोटं घालून, पेला न हलवता, तळाशी गाठ मारायला शिकला. रिकाम्या खाटेच्या दांडीवर गाठींची एवढी दाटी झाली, की झाडणारी बाई विचारू लागली, नवस बोललात का.

आता गाठ बसली की दोऱ्याची दोन्ही टोकं दोन हातांनी ताणून धरावी लागतात, म्हणजे कापता येतात. कात्री उचलायला तिसरा हात लागतो. बद्रीनाथला तिसरा हात नव्हता, पण दात होते. घरी आई, सारजाबाई, वाकळ शिवताना हेच करायची, खाली वाकायची आणि कुट्कन दोरा तोडायची. त्यानंही तेच केलं. गाठ, वाकणं, कुट्. तीन महिन्यांत असं किती वेळा झालं असेल, कोण सांगणार. त्याच्या मानेला ते पाठ झालं आणि त्याच्या ध्यानातही आलं नाही.

दिवाळीआधीच्या आठवड्यात करमाडची साळूबाई आली. म्हशीच्या शिंगानं दंड फाटला होता. जागा बधिर केली, म्हातारी जागीच होती, फक्त तोंडापुढं चादरीचा पडदा धरला होता. सरांनी भोवती पाहिलं आणि बद्रीनाथला हात धुऊन यायला सांगितलं. मदतीला कालिंदी जोशी, हातात कात्री घेऊन. चार वर्षं दोघं एका वर्गात होती, पण तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. थिएटरचा नियम कडक होता: शिवणारा 'कट' म्हणाल्याशिवाय कापणाऱ्यानं दोऱ्याला हात लावायचा नाही.

बद्रीनाथनं सुई घेतली. सगळी तुकडी पाहत होती. पण कोपर टेकला, श्वास सोडला, आणि सुई कातडीत अशी गेली जशी त्या खोलीत मांजरपाटातून जायची. चिमटा वाजला नाही. मागून कोणीतरी हलकेच 'अरे' म्हणालं. गाठ मारली, ती बसली, दोन्ही टोकं ताणून वर धरली. हात दगडासारखा होता. कालिंदीनं कात्री उघडून पुढं केली आणि ती शब्दाची वाट पाहू लागली.

आणि बद्रीनाथ खाली वाकला. तोंडावरच्या मास्कसकट त्यानं दोरा दातात धरला.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जो हशा पिकला, त्यात सदाशिव तर भिंतीला टेकला. नर्सनं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला, कारण हात धुतलेले होते. मास्क, हातमोजे, जखमेवरचं कापड, सगळं बदलायची वेळ आली. पडद्यापलीकडून साळूबाईनं विचारलं, का हासायलेत. डॉक्टर दातानं दोरा तोडत होते, असं नर्सनं सांगितलं.

"मग?" साळूबाई म्हणाली. "दात हायेत की त्याला. आम्ही बी तसाच तोडतो."

पुन्हा हशा. त्या खोलीत बद्रीनाथच्या बाजूनं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि तेही पडद्याआड. तो दोन्ही हात वर धरून उभा राहिला. आता सर नाडी बघायला पाठवणार, याची त्याला खात्री झाली होती.

रत्नपारखी हसले नव्हते. त्यांनी जखमेवर वाकून तो एक टाका बराच वेळ पाहिला आणि मग बद्रीनाथकडे पाहिलं.

"हात कुठं घडवलास?"

"खोलीवर, सर."

"तिथं तुझा दोरा कोण कापतं?"

"कोणी नाय, सर."

ही बोली चार वर्षांत पहिल्यांदाच वर्गानं ऐकली, पण कोणी हसलं नाही. कालिंदीनं कात्रीकडे पाहिलं. सदाशिव भिंतीपासून सरळ झाला आणि पायांकडे पाहू लागला.

सर म्हणाले, पुन्हा हात धू, आणि तोच टाका काढून पुन्हा घाल. आणि त्यापुढं ते एवढंच म्हणाले, "आहिस्ता. आणि तोंडानं सांगायचं. समोर माणूस उभं आहे."

दुसऱ्या खेपेला गाठ बसली, टोकं ताणली गेली, आणि शब्द काही येईना. हात स्थिर आणि जीभ थरथरती, अशी उलटी तऱ्हा. कालिंदी थांबली होती. तिनं घाई केली नाही, हे तिचे उपकारच. शेवटी मास्कआडून घोगरा 'कट' आला आणि दोरा कापला गेला. एवढा हलका आवाज झाला, पण बद्रीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. पुसायला हात मोकळा नव्हता. सात टाके झाले, सात वेळा तो बोलला. शिवण सरळ आली. सरांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की वॉर्डात घ्यायच्या दोघांतलं एक नाव ठरलं.

संध्याकाळी तो खोलीवर आला तेव्हा ही बातमी छातीत मावत नव्हती. पिशोरला पत्र पोचायला तीन-चार दिवस लागणार. आता, या घटकेला, कोणाला तरी सांगायला हवं होतं. त्यानं बराच वेळ विचार केला आणि कधी नव्हे तो सदाशिवच्या दारापाशी गेला. दाराला कुलूप होतं. मंडळी सिनेमाला गेली होती.

परत येऊन त्यानं सवयीनं दार लावलं, मग ते पुन्हा उघडून तसंच ठेवलं. रिकाम्या खाटेसमोर बसून दांडीवर एक गाठ मारली, दोन्ही टोकं ताणून धरली आणि नीट, मोठ्यानं म्हणाला, "कट."

व्हरांड्यातून कोणीतरी चपला वाजवत गेलं. तो ताणलेला दोरा धरून बसून राहिला. हात जराही हलत नव्हता. मेसची घंटा झाली, पावलं जिन्यानं खाली गेली, वरचा मजला रिकामा झाला. मग तो खाली वाकला आणि त्यानं दोरा दातानं तोडला.